फाटकापलीकडचं पाणी

साताऱ्याला परत आल्यापासून गल्लीतली प्रत्येक बाई विचारते आहे, "कुठं जाऊन आलात?" मी म्हणते, "आगगाडीत बसायला गेले होते." "कुठवर?" "दोन किलोमीटर." यापुढे त्या काही विचारत नाहीत, फक्त माझ्या सुनेकडे सहानुभूतीने बघतात. त्या दोन किलोमीटरसाठी मी एक एस.टी., दोन आगगाड्या आणि एक रिक्षा केली हे कळलं तर माझ्या डोक्यावर तेल थापायला घेतील. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

ही गाडी ठाणे जिल्ह्यात आहे, शहापूरहून डोळखांबकडे जाताना. जुन्या काळी कुणा कंत्राटदाराने खाणीतला दगड उतरवायला अरुंद रूळ टाकले होते. खाण बंद पडली, कंत्राटदार देवाघरी गेला, आणि रूळ तेवढे राहिले, कारण ते उपटायला कुणाला सवड झाली नाही. आपल्याकडचा बराचसा वारसा असाच टिकलेला आहे. पुढे काही हौशी निवृत्त मंडळींनी झुडपं तोडली, मुंबईच्या एका ट्रस्टकडून कोळशावर चालणारं छोटं इंजिन मागून आणलं, दोन डबे जोडले आणि दर रविवारी बिनपगारी रेल्वे चालवायला घेतली.

त्या मंडळींतले एक म्हणजे माझे धाकटे दीर, शरद भावजी. बँकेतून निवृत्त होऊन आसनगावला राहतात. जन्मभर कॅशियरच्या जाळीमागे बसलेला हा माणूस लहानपणी ड्रायव्हर होणार होता. सासूबाईंची लाटणी त्यांनी वाफेचे दांडे म्हणून वापरून वाकडी केली होती. तर एप्रिलात त्यांचा फोन आला.

"वहिनी, या रविवारी गाडी मी चालवणार! तुम्ही यायलाच पाहिजे."

तीन वर्षं फडक्याने इंजिन पुसल्यावर त्यांचा नंबर लागला होता. पण आवाजात आनंदाखाली काहीतरी थरथरत होतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्याच रविवारी ट्रस्टचे एक विश्वस्त येणार होते. एका रिसॉर्टवाल्याने इंजिन मागितलं होतं. दारात शोभेला ठेवून त्याच्या पोटात कॉफी विकायचा त्याचा बेत होता. भरलेले डबे घेऊन इंजिन स्वतःच्या वाफेवर चढ चढून वर गेलं आणि परत आलं तर इथंच राहील, नाहीतर ट्रकवर चढेल, असं विश्वस्तांनी कळवलं होतं. म्हणजे भावजींना आयुष्यात पहिल्यांदा इंजिन मिळणार होतं आणि कदाचित शेवटचंही. मी गुडघ्याला पट्टा बांधला आणि निघाले.

शुक्रवार, आसनगाव

भावजी स्टेशनवर न्यायला आले ते काळा कोट आणि टोपी घालून. उन्हात माणसं सावली शोधत होती आणि हे कोटाची बटणं लावून उभे. एका बाईने त्यांना कसाऱ्याची गाडी कुठल्या फलाटावर ते विचारलं. त्यांनी इतक्या अदबीने सांगितलं, की तिने अजून चार गाड्या विचारून घेतल्या.

रात्री जेवताना बोलणं फक्त इंजिनाचं. इंजिनाचं नाव भागीरथी. तिला काय खुपतं, काय रुचतं, कुठल्या चढाला ती धापा टाकते, हे सगळं माझ्या जावेला पाठ झालं होतं. "माझी साखर वाढली ते यांना डॉक्टरांनी सांगितलं," ती म्हणाली, "भागीरथीचं मात्र यांना नुसत्या वासावरून कळतं." भावजी हसले नाहीत. ते भाताच्या मुदीवर चमच्याने चढ काढून दाखवत होते.

शनिवार, खालचं स्टेशन

स्टेशन म्हणजे पत्र्याची शेड, पण पाटी तीन लिप्यांत. एका खोलीवर 'प्रथम वर्ग प्रतीक्षालय', दुसरीवर 'स्टेशन मास्तर', तिसरीवर 'फक्त अधिकाऱ्यांसाठी'. मुतारी कुठे नाही. विचारलं तर कळलं, की तिचा विषय समितीपुढे आहे.

ड्रायव्हर सोडून स्वयंसेवक अकरा आणि अकराही अधिकारी. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, प्रत्येकाच्या काखेत लाल-हिरवे झेंडे. कोळशाचा ढीग शेडपाशी आणायचा होता. त्यावर सकाळी बैठक झाली. कोळसा कुणाच्या खात्यात येतो यावर एकमत न झाल्याने चहा झाला. शेवटी भावजींनी आणि मी घमेली उचलली. अध्यक्ष रेगेसाहेब मोठे इंजिनिअर होते, आता इथले स्टेशन मास्तर. त्यांनी आम्हांला वाट मोकळी व्हावी म्हणून शिट्टी वाजवली.

मग त्यांनी मला फाटक दाखवायला नेलं. टँकरचा आणि बैलगाडीचा कच्चा रस्ता जिथे रूळ ओलांडतो तिथे लाल-पांढरा आडवा बांबू, साखळी, कुलूप आणि दोन्ही बाजूंना काटेरी तार. आठवड्यातून एक दिवस, तेही माणसाच्या चालीने जाणाऱ्या गाडीसाठी एवढा बंदोबस्त बघून मी विचारलं, "अपघात झाला होता का?"

"नाही. होऊ नये म्हणून," फाटकवाले पाटणकर म्हणाले. तेही निवृत्त, कुठल्याशा कर कार्यालयातून. लोकांना अडवून ठेवण्याचा अनुभव दांडगा.

व्यवस्था अशी होती. कुलपाची एकच किल्ली, ती एका पितळी कड्याला बांधलेली. गाडी सुटण्याआधी अर्धा तास फाटक लावायचं आणि स्टेशन मास्तरांनी ते कडं ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. ज्याच्या हाती कडं, त्याची लाइन. गाडी फाटक ओलांडून गेली की ड्रायव्हरने कडं पाटणकरांकडे फेकायचं, मग फाटक उघडायचं. "जगात कुठेही हीच पद्धत," रेगेसाहेब म्हणाले. भावजी त्या कड्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने त्यांनी लग्नात जावेकडेही बघितलं नव्हतं. मी त्या लग्नाला हजर होते.

दुपारी मुरबाडहून 'हेरिटेज थाळी' येणार होती. ती आली नाही आणि माझी मुतारीची अडचण वाढत चालली, म्हणून मी सरळ समोरच्या पाड्यात शिरले. पहिल्याच अंगणात एक ठेंगणी, काटक बाई मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारता परसाकडे बोट केलं. अशी समज समितीला कधी येणार?

तिचं नाव बुधीबाय. परत आले तर तिने तांब्या पुढे केला, नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी ठेवली. चटणीने डोळ्यांत पाणी आलं. मी तांब्या सगळा रिकामा केला आणि मग बघितलं, की घरात तेवढंच गार पाणी होतं. ती हंडा काखेत घेऊन निघाली, तशी मीही मागे गेले.

विहीर फाटकाच्या पलीकडे, रस्त्याला लागून. एप्रिलात तिच्यात तळाला गढूळ ओल राहते आणि एक दिवसाआड टँकर येऊन पाणी ओततो. जवळच एवढं मोठं भातसा धरण, त्यातलं पाणी मुंबईला जाऊन तिथल्या मोटारी धुतं, आणि इथे टँकर. हे मी बोलून दाखवलं तर बुधीबाय म्हणाली, "पानी उताराला जातं गो ताय. आमी चढाला हाव."

विहिरीवर बाया नव्हत्याच, नुसते हंडे होते. कठड्यापासून करवंदीच्या जाळीपर्यंत एकामागे एक, घरटी एक. बाया आपापल्या कामाला गेलेल्या. टँकर आला की येतील आणि आपापल्या हंड्यापाशी उभ्या राहतील. दुसऱ्याचा हंडा कुणी पुढे-मागे करत नाही. आमच्या साताऱ्यात नळाच्या रांगेत हंडा ठेवून दात घासायला गेलात तर परत येईपर्यंत हंडा शेवटी आणि वर चार शिव्या. मी म्हटलं, "कुणीच मधे घुसत नाही?"

"पावना आला त्या घरचा हंडा आदी," ती म्हणाली. "तो कायदाच हाय." आणि तिने आपला हंडा उचलून सगळ्यांत पुढे ठेवला. पाहुणी मी होते, हे कळायला मला एक क्षण लागला.

मग हंड्याकडे बघत ती फाटकाबद्दल बोलली. ऐतवारी डोक्यावर भरला हंडा घेऊन बायांना त्या बांबूमागे उभं राहावं लागतं. गाडी कधी वेळेवर येत नाही. मान आखडते. हंडा खाली ठेवला तर परत डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागते. "त्या फाटकवाल्याला सांगितलं, गाडी दिसं तवा अडव. तर बोलतो, नियम हाय." एवढं सांगून ती हसली, पण मला हसू आलं नाही.

रविवार, गाडी सुटण्याआधी

पहाटेच भागीरथी पेटवली. बॉयलरमध्ये आदल्या दिवशीचं थोडं पाणी होतं, टाकी कोरडी. भरायला खासगी टँकर सांगितलेला होता. विश्वस्त साहेब आले, पांढरा शर्ट, शांत चेहरा, हातात पाण्याची बाटली. डब्यांत भावजींची बँकेतली दोस्तमंडळी, भातसानगरच्या वसाहतीतली दोन कुटुंबं आणि बाकीचे स्वयंसेवकांचे व्याही बसले.

रेगेसाहेबांनी टाळ्यांच्या गजरात भावजींच्या हाती पितळी कडं दिलं. तिकडे पाटणकरांनी फाटकाला कुलूप ठोकलं. आणि तेवढ्यात पलीकडून टँकर आला.

पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगते. नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. टँकर फाटकाबाहेर उभा. इंजिन फाटकाच्या आत, शंभर पावलांवर. टँकरवाल्याने हॉर्न दिला. पाटणकरांनी लाल झेंडा दाखवला.

"अहो, तुमचंच पानी हाय!" टँकरवाला ओरडला.

"गाडी गेल्याशिवाय फाटक उघडत नाही."

"गाडी कवा जाल?"

"पाणी भरल्यावर."

टँकरवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मी धावत, म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जितकं धावता येतं तितकं, भावजींकडे गेले. "भावजी, किल्ली द्या!" भावजींनी कडं छातीशी धरलं. "वहिनी, एकदा ड्रायव्हरच्या हातात आलं की गाडी पुढे गेल्याशिवाय ते सोडता येत नाही." रेगेसाहेबांनी मान डोलावली. म्हणाले, आज विश्वस्तांसमोर नियम मोडला तर ट्रस्ट काय म्हणेल? अकरा सुशिक्षित माणसं, सगळ्यांचं मिळून साडेतीनशे वर्षं तरी शिक्षण आणि नोकरी, आणि एकालाही त्यात काही वावगं दिसेना. मला भावजींचा राग आला. खरंच आला. आणि त्यांच्या मुठीतलं ते कडं बघून रडूही आलं, कारण तीन वर्षं फडकं मारलेल्या माणसाला ते पाच मिनिटांपूर्वी मिळालं होतं.

टँकरवाला थोडा वेळ थांबला. त्याला पुढच्या खेपा होत्या. त्याने विहिरीकडे बघितलं, हंड्यांची रांग बघितली, गाडी मागे घेतली आणि सगळा टँकर विहिरीत ओतून निघून गेला.

बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खाली खाली जायला लागलं. भावजींनी काचेकडे बोट दाखवलं. "खाली जाळ आणि वर रिकामं पातेलं, वहिनी. आता एकतर पाणी घालायचं, नाहीतर आग ओढून काढायची. आग काढली की आज संपलं." विश्वस्त साहेबांनी घड्याळात बघितलं. रेगेसाहेबांनी तातडीची बैठक बोलावली.

बैठकीला भावजी गेले नाहीत. त्यांनी काळा कोट काढून इंजिनावर टाकला, बादली घेतली, फाटकापाशी आले आणि पाटणकरांच्या देखत किल्लीने कुलूप उघडलं. पाटणकरांनी शिट्टी वाजवली. भावजींनी वळूनही पाहिलं नाही.

विहिरीवर आता बाया आल्या होत्या, प्रत्येक आपापल्या हंड्यापाशी. भावजींनी बादली कठड्यावर ठेवली, तशी बुधीबायने ती उचलून जाळीजवळ, शेवटी नेऊन ठेवली.

"बाई, पाणी आमचंच आहे," भावजी काकुळतीला येऊन म्हणाले. "टँकर आम्हीच मागवला होता."

"हाय ना तुमचं. पन हिरीत पडलं, आता हिरीच्या कायद्यात आलं." तिने रांगेकडे हात केला. "नियम हाय."

इतकी वर्षं काउंटरवर जे वाक्य भावजींनी दुसऱ्याला ऐकवलं, ते त्यांना पहिल्यांदाच कुणी ऐकवलं असावं. मग मीच पुढे झाले. "बुधीबाय, पाहुण्याचा हंडा आधी ना?"

"हां. पन इंजिन कुनाचा पावना?"

"माझ्या दिराचा. आणि मी तुझी पाहुणी."

बायांमध्ये चर्चा झाली. एक म्हणाली, पाहुण्याचा पाहुणा कायद्यात बसत नाही. दुसरी म्हणाली, बाईमाणसाचं नाव आहे इंजिनाला, तहानलेली कशी ठेवायची? समितीपेक्षा निम्म्या वेळात निकाल लागला. बुधीबाय भावजींना म्हणाली, "देताव पानी. पन बोल द्या. डोक्यावर हंडा दिसला का गाडी थांबल. आदी हंडा जाल, मंग गाडी."

"दिला," भावजी म्हणाले. चढाच्या तोंडाशी गाडी थांबवणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. मला नंतर कळलं.

आधी पुढच्या चार-पाच घरांचे हंडे भरले, मग रांगेतून इंजिनाचं पाणी सुरू झालं. बाया हंड्यावर हंडा घेऊन येत, थेंब न सांडता. स्वयंसेवक बादल्या आणत, निम्मी विजारीवर. पाटणकर उघड्या फाटकापाशी हिरवा झेंडा धरून उभे राहिले, कारण काहीतरी धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नव्हतं. टाकी भरली, काचेतलं पाणी वर चढलं, आणि भागीरथीने असा उसासा टाकला, की डब्यातलं एक मूल रडायला लागलं.

रविवार, चढावर

गाडी सुटली. भावजी काजळीने माखलेले, कोट नाही, टोपी तिरकी, आणि चेहरा दहा वर्षांच्या मुलाचा. मी पहिल्या डब्यात विश्वस्तांसमोर बसले होते. करवंदीच्या जाळ्या खिडकीला घासत होत्या, पळसाची पानं धुरात हलत होती. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं.

फाटक आलं. फाटकानंतर लगेच चढ लागतो. गाडीने इथे जोर धरायचा असतो, थांबायचं नसतं. आणि रस्त्यावरून बुधीबाय आणि तिच्या मागे बाया भरले हंडे घेऊन पाड्याकडे येत होत्या.

बाया थांबल्या नाहीत. त्यांना बोल दिलेला होता. आणि भावजींनी गाडी थांबवली. कचकन, चढाच्या तोंडाशी, विश्वस्तांच्या बाटलीतलं पाणी त्यांच्या शर्टावर सांडवून. हंडे एकेक करून रूळ ओलांडून गेले. मग भावजींनी दांडा ओढला. भागीरथी फुसफुसली, चाकं जागच्या जागी घसरली. पुन्हा ओढला. पुन्हा घसरली.

विश्वस्त खाली उतरले. "इथे का थांबवलीत?"

"हंडे होते, साहेब," भावजी म्हणाले.

"मग हे नापासच धरायचं का?"

भावजींनी दांड्यावरचा हात काढला नाही. मी दीर म्हणून या माणसाची आयुष्यभर थट्टा केली, पण त्या क्षणी मला त्यांचा जितका अभिमान वाटला तितका कधी कुणाचा वाटला नाही.

रुळांपलीकडे बुधीबायने हंडा खाली उतरवला. तिच्या मागे बाकीच्यांनीही. पदर खोचत ती अकरा अधिकाऱ्यांकडे वळली. "बगत काय ऱ्हायल्याव? लावा हात!"

आणि काय सांगू, लावले. रेगेसाहेबांनी लावला, पाटणकरांनी झेंडा टाकून लावला, व्याही उतरले, भातसानगरची पोरं उतरली, मी पट्टा बांधलेल्या गुडघ्यानिशी मागच्या डब्याला खांदा दिला. बायांनी जोर केला, भावजींनी दांडा ओढला, चाकाने एक फेरा घेतला, मग दुसरा, आणि गाडी आमच्या हातातून सुटून धापा टाकत चढ चढून गेली. आम्ही मागून चालत गेलो. तशीही ती आमच्यापेक्षा फार वेगात नव्हती.

वर विश्वस्त हात धूत उभे होते. तळवे त्यांचेही काळे झालेले. "पण अट स्वतःच्या वाफेची होती," ते म्हणाले. "ढकलून गेली, हे मी ट्रस्टला कसं सांगू?"

बुधीबाय घाम पुसत होती. "साहेब," ती म्हणाली, "ढकलल्याबिगर इकडं काय चालतं? रस्ता ढकलला तवा आला. वीज ढकलली तवा आली. टँकर तं दर खेपेला ढकलावा लागतो. हे इंजिन इकडचंच झालं आता."

विश्वस्तांनी तिच्याकडे बघितलं, भावजींकडे बघितलं, आणि खो-खो हसायला लागले. "राहू द्या," ते म्हणाले. "कॉफी मला तशीही आवडत नाही."

भावजी इंजिनामागे गेले ते बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरच्या काजळीत दोन स्वच्छ पट्टे होते. परतीच्या उताराला गाडी मजेत आली.

सातारा

परवा भावजींचा फोन आला. मी मुतारीचं विचारलं. विषय अजून समितीपुढे आहे. फाटक मात्र काढलं. पाटणकर दोन दिवस जेवले नाहीत, मग त्यांनी स्वतःच नवा नियम सुचवला, की हंडा दिसताच गाडी थांबावी. तो एकमताने मंजूर झाला. म्हणजे आता गाडी दर रविवारी चढाच्या तोंडाशी थांबते.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, ढकलतो."

"कोण?"

"आम्ही अकराही."

माझा विश्वास बसेना. "अकराही? मग शिट्टी कोण वाजवतं?"

"बुधीबाय," भावजी म्हणाले.